लेझर चालू, खडा जागेवर नाही: आरआयआरएसमध्ये किडनी हलत असेल तर व्हेंटिलेटरवर काय बघायचं

"मॅडम, किडनी फार हलतेय. काहीतरी करा ना."

मुतखड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या प्रत्येकाने सर्जनकडून हे ऐकलेलं आहे. आमच्याकडे आठवड्याला तीन-चार आरआयआरएस (लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण किडनीत नेऊन लेझरने खडा फोडण्याचं ऑपरेशन) होतात आणि त्यातल्या एखाद्या केसला तरी हे वाक्य येतंच. आपण मग टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला दिलेली हवा) थोडा कमी करतो, पाच मिनिटं बरं वाटतं, आणि पुन्हा तेच वाक्य. पुन्हा पुन्हा असं होतं, कारण आपण बटण आधी फिरवतो आणि कारण नंतर शोधतो. इतक्या वर्षांत मला जे सापडलं ते इथे लिहिते आहे. हे भूलतज्ज्ञांसाठी, ओटी टेक्निशियनसाठी आणि वाचणार असतील तर युरोसर्जनसाठीही आहे.

आधी सर्जनच्या स्क्रीनवर काय दिसतं ते एकदा त्यांच्या मागे उभं राहून बघा. मी पहिली दोन वर्षं बघितलंच नव्हतं. किडनीच्या खालच्या कप्प्यात पिवळट खडा बसलेला असतो, लेझरचा हिरवा ठिपका त्याच्यावर असतो. श्वास आत जातो आणि सगळं चित्र सरकतं. ठिपका खड्यावरून घसरून गुलाबी अस्तरावर येतो. श्वास बाहेर येतो, खडा परत ठिपक्याखाली. सर्जनचा पाय पेडलवर असतो आणि त्यांना मिनिटाला बारा वेळा पाय उचलावा लागतो. लेझरचा तंतू २०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.२ मिलिमीटर जाड. होल्मियम लेझरची ऊर्जा पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच शोषली जाते, म्हणून तंतू खड्याला जवळजवळ टेकलेलाच लागतो. साध्या श्वासात किडनी एखाद-दोन सेंटिमीटर वर-खाली होते आणि खोल श्वासात चार सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. एक सेंटिमीटर म्हणजे तंतूच्या जाडीच्या पन्नास पट. सर्जन उगाच कुरकुर करत नाहीत.

बटणाला हात लावण्याआधी: ठेका कोणाचा?

एक नजर स्क्रीनवर आणि एक नजर बेलोजवर (व्हेंटिलेटरच्या खाली-वर होणाऱ्या भात्यावर) ठेवून दहा श्वास मोजा. या एका मिनिटात निम्मं निदान होतं.

बेलोज खाली-वर होतो आणि त्याच ठेक्यात किडनी सरकते, तर प्रश्न आपल्या सेटिंगचा आहे. मध्येच, ठेका सोडून झटका बसतो, तर पेशंट स्वतः श्वास घ्यायला लागलाय किंवा उचकी आहे. तिथे टायडल व्हॉल्यूम कमी करून काहीच होणार नाही. नाडीच्या ठेक्यावर बारीक थरथर असेल, तर ती रक्तवाहिन्यांकडून येते. सर्जनला तसं सांगा आणि पुढे चला, तिच्यावर व्हेंटिलेटरचा इलाज नाही. चौथी शक्यता लोक विसरतात: किडनी जागेवर असते, फक्त खडा पळतो. लेझरचा ठोका बसला की खडा मागे उडतो, नाहीतर पाण्याच्या धारेने वाहतो. तेव्हा पल्सची ऊर्जा कमी करून वारंवारता वाढवणं हे सर्जनचं काम आहे. मी एकदा पंधरा मिनिटं व्हेंटिलेटरशी झटत बसले होते आणि खडा पाण्याने हलत होता. तेव्हापासून मी विचारतेच, "सर, लेझर आणि पाणी दोन्ही दहा सेकंद बंद ठेवाल का? तरीही हलतंय का सांगा."

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: वजन काट्यावरचं धरलंय

आपला नेहमीचा पेशंट घ्या. पुरुष, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. गडबडीत कोणीतरी किलोला ८ मिलिलिटर असा हिशोब करतं आणि मशीनवर ६५० चढतो. पण फुप्फुसं पोटावरच्या चरबीबरोबर वाढत नाहीत, त्यांचा आकार उंचीवर ठरतो. पुरुषासाठी सूत्र असं: ५० अधिक ०.९१ गुणिले उंचीतून १५२.४ वजा. बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. या पेशंटचं अपेक्षित वजन निघतं साधारण ६१.५ किलो. त्याला किलोला ६ मिलिलिटर म्हणजे ३७०. कुठे ६५० आणि कुठे ३७०! बहुतेक वेळा इथेच प्रश्न सुटतो.

आता खरी काळजी घ्यायची ती कार्बन डायऑक्साइडची. श्वास लहान केला की श्वासनलिकेतली निरुपयोगी हवा तेवढीच राहते, कामाची हवा कमी होते. निरुपयोगी भाग १५० मिलिलिटर धरा. ५०० चे बारा श्वास दिले तर कामाची हवा ३५० गुणिले १२, म्हणजे मिनिटाला ४.२ लिटर. ३७० वर तेवढंच साधायला मिनिटाला वीस श्वास लागतात. २२० गुणिले २०, ४.४ लिटर. आणखी खाली, किलोला ५ मिलिलिटर म्हणजे ३१० वर गेलात तर सव्वीस श्वास. त्याच्या खाली आता मी जात नाही. तिथे हवा नुसतीच नळीत वर-खाली होते, आणि सर्जनला किडनी कमी हलली तरी फार वेळा हललेली दिसते.

व्हॉल्यूम कमी करताना दोन गोष्टी सोबत हव्यातच. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला थोडा दाब) ५ ठेवा. लिथोटॉमीत पाय वर, कधी डोकं थोडं खाली, त्यात लहान श्वास, अशाने फुप्फुसाचा तळ मिटत जातो. पीपने किडनी थोडी खाली बसते, पण तिथेच बसते, आणि सर्जनला तेवढंच हवं असतं. दुसरं, तोंडाजवळची जादा लांबी काढून टाका. फिल्टरच्या पुढे लावलेला लांब कॅथेटर माउंट (जोडनळी) साध्या केसला जाणवत नाही, ३१० च्या श्वासाला जाणवतो.

दम्याचा किंवा बिडीने फुप्फुस खराब झालेला पेशंट असेल तर सव्वीसच्या वाटेला जाऊ नका. सव्वीस श्वास आणि आय-ई (श्वास आत घ्यायच्या आणि सोडायच्या वेळेचं प्रमाण) एकास दोन म्हणजे श्वास सोडायला दीड सेकंद. त्यांना तो पुरत नाही. बाहेर पडणाऱ्या हवेच्या फ्लोचा ग्राफ शून्यावर येण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो, छातीत हवा साठत जाते, बीपी घसरतं. त्यांच्यासाठी खाली वेगळा रस्ता दिला आहे.

आकडा कमी केला, तरी किडनी तितकीच हलतेय

यावर माझी एक अख्खी सकाळ गेलेली आहे. तेव्हा मी काम करत होते त्या रुग्णालयात जुनं मशीन होतं. सेट केला ३७०, रेट वीस, सर्जन म्हणाले फारसा फरक नाही. मी ३५० केला. तरी नाही. शेवटी मी सेट केलेला आकडा सोडून बाजूचा, बाहेर येणाऱ्या श्वासाचा आकडा वाचला. तिथे ४५० च्या आसपास होता.

शंभर मिलिलिटर आले कुठून? ताज्या गॅसमधून. इंडक्शनच्या, म्हणजे भूल चढवायच्या वेळी त्याचा फ्लो मिनिटाला ६ लिटर केला होता आणि तो तसाच राहिला होता. ज्या जुन्या मशीनमध्ये ताजा गॅस वेगळा काढण्याची किंवा त्याची भरपाई करण्याची सोय नाही, तिथे श्वास आत जाताना बेलोजच्या हवेत हा गॅससुद्धा मिसळून पेशंटला जातो. ६ लिटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिलिटर. वीसच्या रेटला एकास दोनमध्ये श्वास आत जायला बरोबर एक सेकंद मिळतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला १०० मिलिलिटर भर. फ्लो २ लिटरवर आणला, भर तेहतीसवर आली, आणि स्क्रीनवरचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर शांत झालं. सर्जनने मागे वळून बघितलं, "आता काय केलंत?"

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशी मशीन अजून रोज चालतात आणि चांगली चालतात. फक्त सेट केलेल्या आकड्यावर विसंबू नका, बाहेर येणारा श्वास वाचा. प्रेशर कंट्रोलवर (व्हॉल्यूमऐवजी दाब ठरवून श्वास देण्याच्या पद्धतीवर) असाल तर ही सवय दुप्पट हवी. तिथे स्नायू ढिले पडले किंवा टेबलाचा कोन बदलला की व्हॉल्यूम आपोआप वाढतो आणि आपल्याला कळतही नाही. या ऑपरेशनला मी व्हॉल्यूम कंट्रोलच ठेवते.

मध्येच झटका बसतो

कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट बघा. सपाट माथ्यावर एक छोटी खाच पडलेली असेल तर छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा जागा झालाय. बोटापेक्षा पडदा आधी शुद्धीवर येतो, म्हणून नर्व्ह स्टिम्युलेटरवर (नसेला विजेचे ठोके देऊन स्नायू किती ढिले आहेत ते तपासणाऱ्या यंत्रावर) बोट अजून ढिलं दिसत असतानाही खाच पडू शकते. अ‍ॅट्राक्युरियमचा (स्नायू ढिले ठेवणाऱ्या औषधाचा) पुढचा डोस घड्याळाकडे बघून देण्यापेक्षा या खाचेआधी द्यायचा असतो. मी किलोला ०.१ मिलिग्रॅम देते आणि लेझर चालू असेपर्यंत स्टिम्युलेटरच्या चार ठोक्यांपैकी एकाहून जास्त ठोक्यांना बोट हलू देत नाही. भूल उथळ असेल तर आधी ती खोल करा. नुसतं ढिलं करून ठेवणं म्हणजे पेशंटवर अन्याय आहे.

झटक्याच्या वेळी सर्जनला मोठ्याने "सर, थांबा" म्हणायला लाजू नका. स्कोप आत असताना खोकला आला तर तंतू किंवा स्कोपचं टोक भिंतीत घुसू शकतं.

पाठीतली भूल दिलेली आहे, आणि किडनी हलतेय

नातेवाईक विचारतात, दुर्बिणीचंच ऑपरेशन आहे, मग पूर्ण भूल कशाला? तुमची किडनी पडद्याच्या खालीच बसलेली आहे, तो हलला की ती हलते, आणि पूर्ण भुलेत तो पडदा माझ्या हातात येतो, असं मी त्यांना सांगते. तरी स्पायनलखाली हे ऑपरेशन पुष्कळ ठिकाणी नीट होतं आणि काही पेशंटना तेच बरं असतं.

पण तिथे एक चूक नेहमी घडते. सर्जन म्हणतात हलतंय, पेशंट अस्वस्थ वाटतो, म्हणून आणखी १ मिलिग्रॅम मिडाझोलॅम, हे गुंगीचं औषध. पेशंट घोरायला लागतो. घोरणं म्हणजे घशात अडथळा. अडथळ्याविरुद्ध पडदा जास्त जोर लावतो, छाती आत जाते, पोट बाहेर येतं, आणि किडनी आधीपेक्षा दुप्पट हलते. अशा वेळी हनुवटी उचला, नाकातून एअरवे टाका, पुढचं औषध थांबवा. बहुतेक पेशंट बोलण्याने शांत होतात. "काका, लहान लहान श्वास घ्या, मी इथेच आहे, झालंच आता." खांद्यावर हात ठेवून हे सांगितलं की श्वास खरंच लहान होतो. तरीही काम होत नसेल तर वेळेवर पूर्ण भुलेकडे वळा. अर्धवट गुंगीत तासभर ताणू नका.

दुसरा रस्ता: हळू श्वास आणि मधला थांबा

दमेकरी पेशंटसाठी, किंवा सर्जन धूळ न करता तुकडे पाडून बास्केटने काढत असतील तेव्हा, मी उलट करते. रेट ८, आय-ई एकास चार. एका श्वासाला साडेसात सेकंद. त्यातले दीड सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. निरोगी फुप्फुस पहिल्या दोन सेकंदांत रिकामं होतं आणि पुढचे चार सेकंद किडनी एका जागी थांबते. सर्जन त्या चार सेकंदांत काम करतात. पेडल सतत दाबून खड्याची धूळ करायची असेल तर हा रस्ता कंटाळवाणा होतो, तिथे लहान आणि जलद श्वासच बरे. म्हणून टाइम-आउटच्या (ऑपरेशनआधीच्या शेवटच्या खातरजमेच्या) वेळी औषधांबरोबर हेही विचारून घ्या: धूळ करणार की तुकडे?

पूर्ण श्वास थांबवणं हा याच्या पुढचा टप्पा. खालच्या कप्प्यातला शेवटचा अडलेला तुकडा, किंवा पीसीएनएलमध्ये (पाठीतून छिद्र करून खडा काढण्याच्या ऑपरेशनमध्ये) सुई घालतानाचा क्षण, एवढ्यासाठीच मी ते करते. दोन-तीन मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर बंद, आणि साठ सेकंद. पहिल्या मिनिटात कार्बन डायऑक्साइड दहा मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास वाढतो, नंतर मिनिटाला तीन-चार. निरोगी माणसाला हे सोसतं. लठ्ठ पेशंटचा ऑक्सिजन मात्र बघता बघता कोसळतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असलेले, डोक्यातला दाब वाढलेले किंवा गरोदर पेशंट असतील तर हा उपाय बादच.

खरी भीती ऑक्सिजनची नाही, विसरण्याची आहे. व्हेंटिलेटर बंद केला, अलार्म दाबून टाकला, तेवढ्यात सिस्टरने काही विचारलं, सर्जन म्हणाले "झालं, मिळाला खडा", सगळे खुश, आणि श्वास चालू करायचा राहून गेला. माझ्या ओटीत नियम असा आहे: श्वास थांबला की माझा हात बटणावरून निघत नाही, आणि टेक्निशियन मोठ्याने दहा, वीस, तीस मोजतो. साठला काम झालं असो वा नसो, श्वास सुरू. फोन वाजला तरी वाजू द्यायचा.

ईटीसीओटू ३८ दिसतोय, म्हणजे सगळं ठीक?

नाही. ईटीसीओटू म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड. याच्यावर मी एकदा फसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २८० पर्यंत खाली गेले होते, रेट अठ्ठावीस, दीड तास चाललेली केस. मॉनिटरवर अडतीस-एकोणचाळीस. स्नायूंचं औषध उलटवलं, म्हणजे त्याचा असर उतरवला, तरी पेशंट डोळे उघडेना. तोंड लालसर, कपाळावर घाम, नाडी जलद. रक्ताचा गॅस केला तर कार्बन डायऑक्साइड साठीच्या वर. अर्धा तास व्यवस्थित श्वास दिल्यावर ते उठून बसले आणि विचारलं, "खडा निघाला का?" त्या अर्ध्या तासात बाहेर त्यांच्या मुलाला मी काय सांगत होते ते मला अजून आठवतं.

श्वास फार लहान असला की खोलवरची हवा सॅम्पलिंगच्या नळीपर्यंत नीट पोहोचतच नाही, नळीतली निरुपयोगी हवा मिसळून आकडा खोटा कमी दिसतो. रेट जास्त असला की ही खोट वाढते. ओळखायचं असं: लाटेचा माथा सपाट आहे का बघा. टोकदार टेकडीसारखी लाट असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि दर पंधरा मिनिटांनी सर्जनला सांगून, लेझर बंद असताना, एक मोठा सावकाश श्वास द्या. त्या एका श्वासाचा माथा खरा आकडा सांगतो. अडतीसवरून पन्नासवर उडी मारली तर व्हॉल्यूम वाढवायची वेळ झाली. निरोगी पेशंटला पन्नासच्या आतबाहेर मी चालवून घेते, त्याच्या वर नाही. मिटलेला फुप्फुसाचा तळही याच श्वासाने उघडतो. पण न सांगता देऊ नका; लेझर चालू असताना दिलेला मोठा श्वास म्हणजे किडनीला दिलेला धक्काच.

नाडी वाढतेय आणि कारण सापडत नाही

इथे व्हेंटिलेटर सोडून पाण्याकडे बघा. किडनी हलते, स्कोप भिंतीला घासतो, थोडं रक्त येतं, दिसेनासं होतं, म्हणून पाण्याचा दाब वाढवला जातो. किडनीच्या आतला दाब साधारण ३० ते ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की आतलं लघवीचं पाणी उलटं रक्तात शिरायला लागतं, आणि खड्यात लपलेले जंतू त्याच्याबरोबर. भूल खोल आहे, कार्बन डायऑक्साइड ठीक आहे, आणि नाडी १२० व बीपी उतरतंय, तर ऑपरेशन थांबवा, स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी आतली नळी) टाकून बाहेर या. खडा दोन आठवड्यांनी काढता येतो. मी श्वासाच्या आकड्यांवर एवढा जीव टाकते तो याच साखळीमुळे. किडनी शांत राहिली तर रक्त कमी येतं, पाणी कमी लागतं, आणि रात्री वॉर्डातून थंडी-तापाचा फोन येण्याची शक्यता कमी होते.

जेट व्हेंटिलेशनबद्दल हमखास विचारलं जातं. १९८० मध्ये म्युनिकला बाहेरून धक्का-लहरींनी मुतखडा फोडण्याची सुरुवात झाली, आणि खडा लहरींच्या नेमावर राहावा म्हणून त्या दशकातच मिनिटाला शंभराहून जास्त सूक्ष्म श्वास देणारं हे तंत्र वापरून बघितलं गेलं. किडनी खरंच जवळजवळ स्थिर राहते. पण वेगळं यंत्र, शिरेतूनच संपूर्ण भूल, कार्बन डायऑक्साइड मोजायची अडचण आणि छातीत दाब साठण्याचा धोका, एवढं सगळं आपल्या बहुतेक ओटींमध्ये जमणारं नाही. वर लिहिलेलं नीट केलं तर त्याची गरजही क्वचितच पडते.

शेवटची दहा मिनिटं

"स्टेंट टाकतोय" हे शब्द ऐकले की माझं घड्याळ सुरू होतं. आता किडनी हलली तरी चालेल. त्या ६१.५ किलोच्या पेशंटला ४९० वर आणते, रेट चौदा, पीप तसाच. दोन मोठे सावकाश श्वास, तळ उघडायला. लाटेचा माथा सपाट होऊन आकडा ४५ च्या खाली आला की मगच स्नायूंचं औषध उलटवते. तोपर्यंत सिस्टर पाय खाली घेतात, मावशी पांघरूण घेऊन येतात, आणि मी चार्टवर या केसचे आकडे लिहून ठेवते: डावी किडनी, ३१० गुणिले २६, पीप ५, फ्लो २, धूळ, मोठा श्वास दर पंधरा मिनिटांनी. उरलेल्या खड्यासाठी हा पेशंट तीन आठवड्यांनी परत आला आणि त्या दिवशी टेबलाशी दुसरं कोणी उभं असलं, तर त्यांना पहिल्या श्वासापासून हे माहीत असेल.